सरधन्याची एक दिवसाची यात्रा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मानेसर येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी आम्ही काही विद्वत्तापूर्ण बोलावे अशी चिटणिसांची अपेक्षा होती. त्यांनी विषयांची एक यादीच पाठविली होती आणि 'बृहन्महाराष्ट्र : काल, आज आणि उद्या' हा विषय तीत अग्रभागी होता. ती यादी आम्ही नम्रपणे परत केली आणि गेल्या फाल्गुनात आपल्यापैकी चौदा जणांनी मिळून केलेल्या एका दिवसाच्या प्रवासाची हकीकत सांगण्याची अनुज्ञा मागितली. ती मिळाली, याबद्दल प्रारंभीच आभार मानतो.

मंडळाची स्थापना दिल्लीत झाली तेव्हा मानेसर हे जयपूरच्या हमरस्त्यावरचे, अरवलीच्या पायथ्याचे एक खेडे होते. पुढे येथे मोटारींचे आणि दुचाक्यांचे कारखाने आले, आणि पुण्या-नाशिककडची, कोल्हापूर-वसईकडची आपली मुले नोकरीनिमित्त येऊन राहिली. त्यांच्यामागून त्यांचे आईवडीलही आले. मुलगा कामावर, सून कामावर, नातवंडे शाळेत आणि खिडकीबाहेर दहा-दहा मजल्यांच्या इमारती. अशा स्थितीत मंडळाचा गणेशोत्सव आणि संक्रांतीचे हळदीकुंकू यांचा या वडीलधाऱ्यांना केवढा आधार असतो, हे आपणांस सांगावयास नको.

त्यांपैकीच एक आजी आहेत. त्यांचे नाव येथे घेत नाही. त्यांना ते आवडणार नाही. त्या मूळच्या वसईच्या, सामवेदी ख्रिस्ती समाजातील. चिरंजीव येथील एका कारखान्यात अभियंता आहेत. आपल्या गणेशोत्सवात उकडीच्या मोदकांची गेली आठ वर्षे जी वाहवा होते, त्या मोदकांची तांदळाची पिठी वसईहून याच आजींच्या घरून येते, आणि उकड मळण्यासही त्याच बसतात. आम्ही सर्वांनी ते मोदक खाल्ले आहेत. परंतु आजींचा स्वतःचा सण कोणता, उपवास कोणता, त्यांची जागृत देवता कोणती, हे आठ वर्षांत आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते. नाताळाला कोणी तरी शुभेच्छा देत असे. तेवढ्यावर आमचा स्नेह थांबत असे.

गतवर्षी आजींच्या डोळ्यांतील काचबिंदू बळावला. एका डोळ्याची दृष्टी पूर्वीच गेली होती, दुसऱ्याचीही फार दिवसांची खात्री नाही असे वैद्यांनी सांगितले. वसईचा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता. तेव्हा त्या चिरंजिवांना एवढेच म्हणाल्या, "आमच्या रमेदी मातेचे दर्शन आता होत नाही, पण जवळपास कुठे मातेचे देऊळ असेल तर दिसते आहे तोवर दाखव." ही गोष्ट चिरंजिवांनी आम्हांस सहज बोलता बोलता सांगितली, आणि सरधन्याचे नाव निघाले.

मेरठच्या वायव्येस साधारण वीस किलोमीटरवर सरधना हे गाव आहे. तेथील कृपांच्या मातेचे मंदिर हे उत्तर हिंदुस्थानातील कॅथलिक भाविकांचे मोठे तीर्थक्षेत्र. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तेथे यात्रा भरते आणि तीत सर्व धर्मांची माणसे लोटतात. तेवढ्या गर्दीत आजींना नेणे शक्य नव्हते. म्हणून एक लहान बस भाड्याने घ्यावी, त्या भागाची माहिती असलेला एक वाटाड्या ठरवावा आणि गर्दीविरहित अशा एखाद्या शनिवारी खासगी रीतीने जाऊन यावे, असे ठरले. आजींच्या सोबतीस म्हणून चार माणसे निघाली होती, ती वाढत चौदा झाली.

यात सर्वांची संमती होती असे मात्र नाही. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी स्पष्ट विचारले, "वृंदावन राहिले, हरिद्वार राहिले, आणि तुम्ही चर्च पाहावयास निघालात?" आम्ही उत्तर दिले की ज्या गावी निघालो आहोत त्या गावाचा इतिहास अर्धा आपलाच आहे. उत्तर खरे होते, पण पूर्ण नव्हते. आजींच्या डोळ्यांचा उल्लेख आम्ही का टाळला, हे आमचे आम्हांसच आज नीट सांगता येत नाही. इतिहासाचे कारण पुढे करणे आम्हांस अधिक प्रतिष्ठेचे वाटले असावे. ते स्नेही अखेर सपत्नीक आले. ते आज या सभेत बसले आहेत आणि हसत आहेत.

पहाटे साडेपाचला निघालो. त्या दिवशी एकादशी होती आणि आजींचा ख्रिस्ती उपवासकाळही चालू होता. त्यामुळे बसमध्ये दोन उपवास आणि दोन डबे झाले. एकादशी करणाऱ्या वहिनींना साबुदाणा चालत होता, भात चालत नव्हता. आजींना भात चालत होता, मांसमच्छी वर्ज्य होती. "म्हणजे आपणा दोघींची मिळून एक पूर्ण उपाशी बाई होते," असे आजी म्हणाल्या आणि प्रवासाला रंग भरला.

वाटाड्या गुरुग्रामच्या अलीकडे बसमध्ये चढला. मूळचा मेरठकडचा, उर्दू वळणाचे गोड हिंदी बोलणारा तरुण. झाडसा चौक येताच त्याने सांगितले की आपण ज्या बेगमेच्या गावी निघालो आहोत तिच्याच जहागिरीतून ही बस चालली आहे. आम्हांस हे पुस्तकातून ठाऊक होते. पण ज्या चौकातून आपण रोज कचेरीस जातो तेथे ते ऐकताना नवल वाटले. बादशहापूर-झाडसा हा परगणा बेगम समरूचा होता. १८३६ साली तिचा मृत्यू झाल्यावर कंपनी सरकारने तो खालसा केला.

ही बेगम कोण, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. फरजाना नावाची, मेरठकडील कोताना गावची ही मुलगी दिल्लीत वाढली. वॉल्टर राइनहार्ट नावाच्या युरोपीय शिपाईगड्याशी तिची गाठ पडली. हा गृहस्थ काही साधुपुरुष नव्हे. १७६३ साली पाटण्यास मीर कासिमच्या हुकुमावरून त्याने इंग्रज कैद्यांची कत्तल केली होती. त्याच्या उदास चर्येवरून त्याला 'सोम्ब्र' म्हणत, आणि त्याचेच 'समरू' झाले. बादशाही चाकरीत त्यास सरधन्याची जहागीर मिळाली. १७७८ साली तो मेल्यावर त्याच्या पलटणींनी या बाईलाच आपली धनीण मानले. १७८१ साली आग्र्यास तिने बाप्तिस्मा घेतला आणि तिचे नाव जोआना झाले. पगडी घालणारी, हुक्का ओढणारी आणि रणात पालखीतून फौज हाकणारी ही बाई पुढे अर्धशतकाहून अधिक काळ सरधन्यावर राज्य करीत राहिली.

आता यात आपला संबंध कोठे येतो? जागोजाग येतो. १७८४ साली महादजी शिंदे बादशहाचे वकील-इ-मुत्लक झाले तेव्हापासून दिल्लीच्या राजकारणात ही बेगम त्यांच्या सावलीत वावरली. आपल्या मानेसरहून रेवाडीकडे गेले की गोकुळगड लागतो. १७८८ साली त्या गडाच्या वेढ्यात शाह आलम बादशहाची छावणी शत्रूने रात्री झोपेत गाठली, तेव्हा बेगमेच्या तोफांनीच बादशहाला वाचविले. त्याच वर्षी गुलाम कादिराने लाल किल्ल्यात त्या दुर्दैवी बादशहाचे डोळे काढले. मराठी फौजांनी दिल्ली परत घेतली, आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसविले आणि गुलाम कादिराला मेरठच्या किल्ल्यात कोंडले. तेथून तो रात्री निसटला, पण पकडला गेला आणि १७८९ च्या मार्चमध्ये मारला गेला.

हे सर्व आम्ही बसमध्ये उभे राहून, थोड्याशा अभिमानाने सांगत होतो. बादशहाच्या डोळ्यांची गोष्ट ऐकताना आजींनी खिडकीकडे तोंड फिरविले. ते आमच्या उशिरा ध्यानात आले. वक्त्याला श्रोत्यांचे चेहरे पाहण्याची सवय हवी, आणि तीच आमच्यापाशी नाही.

यमुना ओलांडून मेरठच्या द्रुतगती मार्गाला लागलो. पटपडगंज आज सदनिकांनी भरला आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच टापूत जनरल लेकने शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव केला आणि दिल्ली आपल्या हातून कायमची गेली. त्यानंतर बाराच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या बाजूने ज्या पलटणी उभ्या होत्या त्यांत या बेगमेच्याही पलटणी होत्या. त्यांच्याकडे छावणीची राखण होती. पराभवानंतर त्या बव्हंशी शाबूत निघाल्या आणि शेकडो कोसांची वाट चालून परत आल्या. बेगमेने तत्काळ इंग्रजांशी जुळवून घेतले. आमच्या मंडळीतील एका भगिनीचे माहेर त्याच मुलखातील. त्या म्हणाल्या, "असई म्हणजे आमच्या एस. टी. च्या वाटेवरचे गाव. तेथे सरधन्याचे शिपाई उभे होते हे आम्हांस कोणी सांगितले नाही."

वाटाड्याने लेकसाहेबाची प्रसिद्ध आख्यायिकाही रंगवून सांगितली. बेगम भेटीस आली तेव्हा साहेबाने जेवणानंतरच्या उल्हासात पुढे होऊन तिचे चुंबनच घेतले. तिचे शिपाई अवाक् झाले. तेव्हा बेगम शांतपणे वळून म्हणाली, पाहा, पाद्री आपल्या लेकरांना असाच जवळ करतो! गोष्ट खरी असो वा नसो, बाईच्या प्रसंगावधानाला शोभणारी आहे.

येथवर सारे सुरळीत होते. मग त्याने १७९५ च्या बंडाची कथा काढली. ल वासू नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याशी बेगमेने गुप्तपणे विवाह केला. शिपायांना ते मानवले नाही आणि ते उलटले. दोघे रातोरात पळाली, वाटेत गाठली गेली. बेगमेने स्वतःवर खंजीर चालविला. ती गेली असे समजून ल वासूने गोळी झाडून घेतली. बेगम मात्र जगली, आणि तिच्याच शिपायांनी तिला तोफेच्या गाड्याला बांधून उन्हात ठेवली. पूर्वी तिच्या पदरी असलेला आयरिश सरदार जॉर्ज टॉमस तेव्हा मराठ्यांच्या चाकरीत होता. त्याने खटपट करून तिला सोडविले. "आणि मराठ्यांनी," वाटाड्या म्हणाला, "त्याबद्दल पैसे मोजून घेतले. ते फुकट कोणासाठी हलत नसत."

बसमध्ये एकदम स्तब्धता पसरली. दोघांतिघांचे चेहरे उतरले. आमचे ते ज्येष्ठ स्नेही तर आसनावरून उठलेच, आणि पाटील-बोवांच्या उपकारांची गणती करू लागले. वाटाड्याला मराठी कळत नव्हते, परंतु सूर कळला. बिचारा गोंधळला.

सभ्य श्रोतेहो, त्याचे म्हणणे खोटे नव्हते. सहारणपुराकडील शिंद्यांचे अधिकारी बापू शिंदे यांना सरधन्यावर फौज नेण्यासाठी टॉमसने एक लाख वीस हजार रुपये कबूल केले होते, असे इतिहासकारांनी लिहिले आहे. आपण पैसे घेतले हे खरे, आणि त्या बाईचे राज्य तिला परत मिळाले हेही खरे. परदेशी राहणाऱ्या माणसाला आपला इतिहास एखाद्या दागिन्यासारखा वाटतो. तो अडीअडचणीत गहाणही पडला होता, हे ऐकावयास जड जाते. आम्ही तसे बोलून दाखविले. स्नेही खाली बसले, पण राग गेला नव्हता.

तेव्हा मागच्या आसनावरून आजींचा आवाज आला. "अहो, आमच्या वसईच्या घंटा तुम्ही नेल्यात, तेव्हा काय दिलेत?"

बसमध्ये जो हशा पिकला तो मुरादनगर येईपर्यंत ओसरला नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. भीमाशंकरला एक आहे. नाशिकची सुप्रसिद्ध नारोशंकराची घंटाही वसईचीच मानली जाते. ज्याचा आवाज मोठा त्याला आपण 'नारोशंकराची घंटा' म्हणतो. आमच्या स्नेह्यांचा आवाज मोठा आहे हे येथे वेगळे सांगण्याचे कारण नाही. आजी पुढे म्हणाल्या, "वाजतात ना अजून? मग झाले. देवापुढेच वाजतात." विजयोत्सवाच्या दिवशी आम्ही वसईवर या मंडळात अनेक भाषणे ऐकली आहेत, एक स्वतः केलेही आहे. समोर बसलेल्या या बाईंच्या गावाविषयी आपण बोलत आहोत, हे तेव्हा मनातही आले नव्हते.

मेरठ सोडल्यावर उसाचे मळे लागले. रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळे धडधडत होती, कायलीतून वाफ येत होती. कोल्हापूरच्या एका बंधूंनी बस थांबविली, कढत गुळाचा खडा जिभेवर ठेवला आणि "बरा आहे, पण आपला नव्हे" असा निवाडा दिला. निवाडा देऊन पाच किलो गूळ मात्र घेतला.

सरधन्याचे मंदिर प्रथम दुरून दिसते ते दोन उंच शिखरांनी आणि घुमटांनी. अंतोनियो रेगेलिनी या बेगमेच्या पदरच्या इटालियन अधिकाऱ्याने त्याची आखणी केली. दर्शनी भागावर १८२२ हे साल आहे. सुमारे चार लाख रुपये लागले, असे सांगतात. त्या काळचे चार लाख. पुढील व्हरांडा अठरा भरदार खांबांवर तोललेला. बांधकामासाठी जेथून माती काढली तेथे दोन मोठी तळी झाली आहेत, आणि त्यांच्या काठाला बगळे उभे होते. आत संगमरवरी वेदीवर ताजमहालाच्या धर्तीचे रंगीत दगडांचे जडावकाम आहे. १८३४ साली तर पोपने सरधन्यासाठी स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण केला आणि बेगमेचे पुरोहित जूलियस सीझर यांस बिशप केले.

परंतु ज्याच्यापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो ते आतील बाजूचे बेगमेचे स्मारक. तिचा मानलेला वारस डाइस सोम्ब्र याने ते इटलीतील मूर्तिकार आदामो तादोलिनी याच्याकडून घडवून घेतले. शुभ्र संगमरवराच्या पुरुषभर उंचीच्या अकरा आकृती आहेत. सर्वांवर बेगम आसनस्थ, हाती बादशहाचे फर्मान. तिच्या पायाशी जी माणसे उभी आहेत त्यांत बिशप जूलियस सीझर आहे, घोडदळाचा अधिकारी इनायतुल्ला आहे आणि दिवाण रायसिंग आहे. एक पाद्री, एक मुसलमान, एक हिंदू. तिघेही एकाच दगडाचे. आमचे स्नेही रायसिंगाच्या पुतळ्यासमोर पुष्कळ वेळ उभे होते.

आम्ही मंडळींना या आकृती समजावून देत होतो, आणि आजी आमच्यात नव्हत्या.

त्या पलीकडे, कृपांच्या मातेच्या प्रतिमेपुढे होत्या. बेगमेच्या काळाशी या प्रतिमेचा संबंध नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती १९५७ च्या नोव्हेंबरात मिरवणुकीने येथे आणून स्थापन करण्यात आली. तेव्हापासून यात्रेकरूंचा ओघ वाढला आणि १९६१ च्या डिसेंबरात पोप तेविसावे जॉन यांनी या मंदिरास बसिलिकेचा मान दिला. राणीने बांधले, पण तीर्थ झाले ते सव्वाशे-दीडशे वर्षांनी, सामान्य माणसांच्या नवसांनी. भोवती मेणबत्त्या जळत होत्या. शेजारी मेरठकडची एक घुंगटवाली स्त्री नारळ घेऊन बसली होती. वांद्र्याच्या मोत माऊलीला आपल्या कोळणी आणि आगरी बायका जशा बसतात, तशीच.

आतला उजेड बेताचा होता. आजींनी चिरंजिवांना दोनदा विचारले, प्रतिमा कोणत्या बाजूला आहे. ते गहिवरले होते, त्यांना बोलवेना. तेव्हा आमच्या स्नेह्यांच्या पत्नी, ज्यांचा त्या दिवशी एकादशीचा उपवास होता, पुढे झाल्या. आजींचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला, त्यांना समोर उभे केले आणि ओवीच्या लयीत म्हणावे तसे हळूहळू सांगू लागल्या: येथे माता आहे. तोंड आपल्याकडेच आहे. खाली फुले आहेत, पिवळी आहेत, झेंडूची. मेणबत्त्या पुष्कळ आहेत, दोन आता कोणी लावल्या.

"बाळ आहे ना जवळ?" आजींनी विचारले.

"आहे."

मग आजींनी आपल्या बोलीत प्रार्थना म्हटली. वसईकडची ती सामवेदी बोली आम्हांस सर्वस्वी कळली असे म्हणणार नाही; मधले मधले शब्द मात्र अगदी आपल्या घरातले होते. मंदिराच्या बाहेर आल्यावर आम्ही विचारले, नवस काय केलात? डोळ्यांसाठीच असेल, अशी आमची समजूत. त्या म्हणाल्या, "डोळ्यांचे वय झाले, त्यांच्यासाठी कशाला मागू? नातवाला आपली भाषा येत नाही. ती यावी म्हणून बोलले."

व्हरांड्याच्या पायऱ्यांवर डबे उघडले. वाटाड्यालाही दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. स्नेह्यांनी स्वतः वाढली. बापू शिंद्यांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. परतताना बेगमेचा महाल बाहेरून पाहिला. तेथे आता विद्यालय आहे, आणि शनिवार असूनही मुले मैदानावर क्रिकेट खेळत होती. रात्री साडेनवाला मानेसरला पोहोचलो.

एक दुरुस्ती करावयाची राहिली. मंडळाच्या दिनदर्शिकेत वसईच्या विजयाचा दिवस आहे, तो राहू द्यावा. त्याच दिनदर्शिकेत या वर्षीपासून नाताळ आणि पास्काचा सण यांच्यासह नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारची नोंद करण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. सूचना आमच्या त्या स्नेह्यांनी मांडली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे वसईचे लेखक २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही येथे पेढे वाटले होते. त्यांनी पूर्वी संपादित केलेल्या 'सुवार्ता' मासिकाचा अंक आपल्याच इमारतीत एका घरी टपालाने येतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. आता तो अंक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी आजींना वाचून दाखविला जातो. वाचन नातू करतो. अडखळतो, आजी सुधारतात. ज्यांना ऐकावयास यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे, चहा असतो.

या नोव्हेंबरातील यात्रेला पुन्हा जाण्याचे ठरले आहे. गर्दी असेल, म्हणून आजींसाठी चाकांच्या खुर्चीची सोय केली आहे. वाटाड्या तोच आहे. त्याने निरोप पाठविला आहे की या वेळी मराठ्यांची बाजू तो वाचून येणार आहे. बस पहाटे पाचला निघेल. अठ्ठावीस जागांपैकी एकोणीस भरल्या आहेत. उरलेल्यांसाठी नावे चिटणिसांकडे आजच द्यावीत.